रचनाविद्येचीं पुस्तकें : कोणतीं वाचावीं व कशीं वाचावीं

वरच्या वर्गांतील विद्यार्थी अलीकडे आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. मोबाईलवरील ॲप, संगणकावरील पानें व निरनिराळीं यंत्रें लोकांस सहज वापरतां यावींत अशा रीतीनें आंखण्याची जी विद्या आहे, ती शिकण्यासाठीं कोणतीं पुस्तकें वाचावीं? ह्या विद्येस व्यवहारांत ‘युजर एक्स्पीरिअन्स’ व ‘इंटरफेस डिझाइन’ अशीं नांवें आहेत. धंद्यांतील लोक थोडक्यांत ‘यूएक्स’ व ‘यूआय’ म्हणतात. पालकांचा प्रश्न थोडा निराळा असतो. हा चित्रकलेचाच एक प्रकार आहे काय, त्यानें पोट भरतें काय, आणि त्यासाठीं मुलास अगर मुलीस पुण्यास धाडून हजारों रुपयांचा वर्ग लावावा काय, असें ते विचारतात. दोन्ही प्रश्नांचा विचार ह्या एकाच लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्या विद्येचा आरंभ थोड्या निवडक पुस्तकांनीं आणि आपल्याच गांवांतील माणसांकडे नीट पाहण्यानें होतो, असें आमचें मत आहे. व ह्या दोहोंपैकीं दुसरी गोष्ट तर फुकटच मिळते.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. इंटरफेस म्हणजे मनुष्य व वस्तु यांची जेथें प्रत्यक्ष गांठ पडते ती जागा. घागरीला कांठ आहे, दाराला कडी आहे, पंख्याला बटण आहे, एस. टी.च्या गाडीला कपाळावरची पाटी आहे, आणि मोबाईलला त्याची कांच आहे. घागर भट्टींत कशी भाजली, गाडीचें इंजिन कसें चालतें, किंवा मोबाईलच्या पोटांत कोणते हिशेब चालले आहेत, हें वापरणाऱ्यास ठाऊक नसतें, व तें ठाऊक असण्याची गरजही नसते. त्याचा सारा व्यवहार ह्या गांठीच्या जागेशींच होतो. तेथें त्याला काय समजलें, तो कोठें अडला, चुकल्यावर सांवरतां आलें कीं नाहीं, आणि काम संपल्यावर त्याला समाधान वाटलें कीं शरम वाटली, ह्या सर्वांस मिळून वापरणाऱ्याचा अनुभव, म्हणजेच ‘युजर एक्स्पीरिअन्स’, असें म्हणतात. रंग व चित्र हा त्याचा एक भाग आहे, परंतु तो आरंभ नव्हे. म्हणून ज्याचा हात चित्रकलेंत चालत नाहीं त्यानें निराश होऊं नये, आणि ज्याचा चालतो त्यानें आपणांस ही विद्या आलीच असें समजूं नये.

ही विद्या मुंबई-पुण्याच्या लोकांपुरतीच आहे असा समज असल्यास तोही सोडावा. आपला धाराशिव जिल्हा मुख्यतः शेतीवर जगणारा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली, व शेतकऱ्यानें शेतांत उभें राहून आपल्या पिकाचें छायाचित्र स्वतःच्या मोबाईलनें घेऊन नोंद करावी अशी योजना आली. विजेचें बिल, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ति, बँकेंतील देणें-घेणें हींही हळूहळू ह्याच कांचेवर आलीं. जो मनुष्य तेथें अडतो तो काय करतो? तो मोबाईल दुसऱ्याच्या हातीं देतो, व प्रसंगीं आपला गुप्त क्रमांकही सांगतो. घेणारा प्रामाणिक असल्यास ठीक. नसल्यास वर्षाची कमाई क्षणांत जाते. घरांत ह्याहून लहान, पण रोज घडणारी एक हानि होते. मुलगा आईस म्हणतो, “तुला एवढेंही समजत नाहीं!” आई गप्प बसते, आणि पुन्हां त्या वस्तूस हात लावीत नाहीं. ज्या पुस्तकांची नांवें आम्ही पुढें देत आहों, त्यांतील पहिल्याच पुस्तकाची पहिली शिकवण अशी आहे कीं, हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं थांबावें. कारण दोष बहुधा आईचा नसतो, वस्तूचा असतो.

तें पुस्तक म्हणजे डोनाल्ड नॉर्मन ह्यांचें ‘दि डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’. तें इ. स. १९८८ मध्यें प्रथम निराळ्या नांवानें प्रसिद्ध झालें, व २०१३ मध्यें लेखकानें त्याची सुधारलेली आवृत्ति काढली. नॉर्मन हे मूळचे मनाच्या व्यापारांचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ. त्यांच्या पुस्तकांत संगणकापेक्षां दारें, चुली व बटणें ह्यांचीच चर्चा पुष्कळ आहे. जें दार ढकलावयाचें आहे, त्यास ओढण्याजोगी मूठ बसविली तर शहाणा मनुष्यही तें ओढणारच; आणि मग त्यावर ‘ढकला’ अशी पाटी लावावी लागते. ज्या साध्या वस्तूस पाटी लावावी लागली, ती वस्तु स्वतः बोलण्यास चुकली, असें समजावें.

नॉर्मन ह्यांनीं सांगितलेल्या कल्पनांपैकीं चार तरी विद्यार्थ्यानें पाठ कराव्या. पहिली खूण : कोठें दाबावें, कोठें धरावें हें वस्तूकडे पाहूनच कळावें. दुसरी जुळणी : बटणांची मांडणी ज्या वस्तूंसाठीं तीं आहेत त्यांच्या मांडणीशीं जुळावी. सभागृहांत आठ पंखे दोन रांगांत, आणि भिंतीवर आठ बटणें एकाच ओळींत, असें असेल तर प्रत्येक सभेच्या वेळीं कोणीतरी सर्व बटणें एकदां दाबून पाहणारच. तिसरी पोंच : आपण जें केलें तें वस्तूस पोंचलें, हें ताबडतोब कळावें. चौथा बांध : चुकीची गोष्ट करतां येऊं नये अशीच व्यवस्था असावी. पुष्कळ दुचाकींची किल्ली उलटसुलट कशीही घातली तरी चालते, पण दुसऱ्याच्या गाडीची घातली तर सहसा फिरत नाहीं. हा चांगला बांध होय.

हीं चार तत्त्वें एकत्र पाहावयाचीं असतील तर परदेशीं जाण्याची गरज नाहीं. आपल्या पालकांपैकीं प्रत्येकानें जें मतदानयंत्र हाताळलें आहे, त्याकडेच पाहावें. ह्या यंत्राचा प्रयोग इ. स. १९८२ मध्यें केरळांतील परूर येथें प्रथम झाला, व २००४ च्या लोकसभा-निवडणुकींत तें देशभर वापरलें गेलें. त्याचें बाह्य रूप ठरविण्याच्या कामांत मुंबईच्या आय. आय. टी.मधील ‘आयडीसी’ ह्या रचनाविभागाचे अध्यापक ए. जी. राव व रवि पूवैया ह्यांचा हात होता. उमेदवाराचें नांव, त्याचें चिन्ह व त्याचें निळें बटण हीं एकाच आडव्या ओळींत असतात, ही जुळणी. बटण दाबलें कीं त्याच ओळींत तांबडा दिवा लागतो व मोठा आवाज होतो, ही पोंच. अधिकाऱ्यानें आपल्या पेटीवरील बटण दाबल्याशिवाय मतदाराचें बटण चालत नाहीं, व एक मत पडल्यावर यंत्र पुन्हां बंद होतें, हा बांध. ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्यासाठीं चिन्हें आहेत, आणि हीं चिन्हें तर १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनचीं आहेत. ज्यास दिसत नाहीं त्याच्यासाठीं बटणाशेजारीं ब्रेल अंक आहेत. आंधळ्याच्या वाटेंत अडथळा ठेवूं नये अशी आज्ञा पवित्र शास्त्रांत फार प्राचीन काळीं दिली आहे. रचना करणाऱ्यानें ती आपल्या मेजासमोर लिहून ठेवण्याजोगी आहे. पुढें कागदी चिठ्ठीची जोड आली, व ती चिठ्ठी कांचेमागें सात सेकंद दिसते. म्हणजे पोंच आणखी स्पष्ट झाली. विद्यार्थ्यानें नॉर्मनचें एक प्रकरण वाचावें, आणि मग आजोबांस विचारावें कीं, पहिल्यानें यंत्रावर मत देतांना तुम्हांला काय वाटलें. पुस्तकांतील शब्दांस तेव्हां अर्थ येतो.

दुसरें पुस्तक स्टीव्ह क्रुग ह्यांचें ‘डोन्ट मेक मी थिंक’. हें इ. स. २००० मध्यें निघालें, व त्याची तिसरी आवृत्ति २०१४ मधील आहे. पुस्तक लहान, विनोदी व सोप्या इंग्रजींत आहे. दहावीच्या विद्यार्थ्यास शब्दकोश जवळ ठेवून तें पंधरा दिवसांत वाचतां येईल. क्रुग ह्यांचें म्हणणें असें कीं, संगणकाचें पान कोणी वर्तमानपत्रासारखें शांतपणें वाचीत नाहीं. लोक त्यावरून नजर फिरवितात, व जें बरें दिसेल तें पहिलें बटण दाबतात. म्हणून प्रत्येक पानावर मनुष्यास ‘आतां काय?’ असा प्रश्न पडूं नये, आणि शब्द शक्य तितके कमी करावेत. आपल्या अर्जांवर ‘उपरोक्त विवरणानुसार आवश्यक त्या बाबींची पूर्तता करावी’ असें जें लिहिलेलें असतें, त्याच्या जागीं ‘खालीं आपलें नांव लिहा’ इतकें लिहिल्यास किती माणसांचा वेळ वांचेल, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनीं करावा. मराठी चांगली लिहितां येणें हें ह्या धंद्यांतलें भांडवल आहे. ज्यास सोपें वाक्य साधतें त्याची तेथें गरज आहे.

क्रुग ह्यांची दुसरी शिकवण अधिक मोलाची आहे. वस्तु तयार झाल्यावर नव्हे, तर तयार होत असतांनाच ती चारदोन माणसांच्या हातीं देऊन पाहावी. ह्यासाठीं मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. ‘रॉकेट सर्जरी मेड ईझी’ ह्या २००९ च्या पुस्तकांत त्यांनीं महिन्यांतून एक सकाळ व तीन माणसें एवढ्यावर हें काम कसें करावें तें सांगितलें आहे. आपल्या घरीं तें असें करतां येईल. कागदावर ॲपचीं पानें पेन्सिलीनें काढावींत, किंवा तयार ॲप घ्यावें. मग म्हणावें, “आत्या, ह्या महिन्याचें विजेचें बिल किती आलें तें ह्यांत शोधून दाखवतां का? परीक्षा तुमची नाहीं, ह्या ॲपची आहे.” त्यानंतर आपले हात मागें बांधून गप्प बसावें. बोट कोठें थांबलें, कोणता शब्द दोनदां वाचला, कोठून मागें फिरल्या, एवढेंच वहींत टिपावें. पैसे भरण्यास सांगूं नये, व गुप्त क्रमांक विचारूं नये. गप्प बसणें हा ह्यांतील सर्वांत अवघड भाग आहे, हें ज्यानें करून पाहिलें त्यास कळेल.

आपल्या जिल्ह्यांतील तेर हें संत गोरा कुंभार ह्यांचें गांव. संतमेळ्यांत गोरोबाकाकांनीं प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणें मारून कोणतें मडकें कच्चें तें पाहिलें, व नामदेवांस कच्चें ठरविलें, ही कथा आमच्या मुलांस ठाऊक आहे. ती कथा भक्तीच्या परीक्षेची आहे. परंतु तिच्या मुळाशीं कुंभाराचा रोजचा व्यवहार आहे. मडकें बाजारांत नेण्यापूर्वीं तो वाजवून पाहतो. वरील प्रयोगांतही वाजवावयाचें तें मडकेंच, म्हणजे ॲपच. आत्या अडल्या तर ॲप कच्चें ठरलें, आत्या नव्हेत.

घरानंतर बाजार. धाराशिवच्या अगर कळंबच्या बसस्थानकावर विद्यार्थ्यानें अर्धा तास उभें राहावें. गाडीवर पाटी असूनही लोक वाहकास “परंडा का?” “बार्शी का?” असें विचारूनच चढतात. त्यांना वाचतां येत नाहीं असा निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये. पाटीवर धूळ बसली असेल. गाडी पाठमोरी उभी असेल. एकाच गांवास दोन वाटांनीं गाड्या जात असतील, व वाट कोणती तें पाटीवर नसेल. म्हातारपणीं नजर अधू झाली असेल. किंवा पाटी वाचूनही माणसाच्या तोंडून खात्री हवी असेल. प्रत्येक कारणावर उपाय निराळा आहे. धूळ असेल तर फडकें पुरें. वाट कळत नसेल तर मधल्या गांवाचें नांव मोठ्या अक्षरांत हवें. खात्री हवी असेल तर पाटी कितीही मोठी केली तरी लोक विचारणारच. कारण शोधल्याशिवाय उपाय करणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय. ही सवय एकदां लागली कीं विद्यार्थी अर्ध्या वाटेवर आला असें समजावें.

तिसरें पुस्तक रॉबिन विल्यम्स ह्या लेखिकेचें ‘दि नॉन-डिझायनर्स डिझाइन बुक’. त्याची पहिली आवृत्ति इ. स. १९९४ ची. ज्यांनीं चित्रकला शिकलेली नाहीं त्यांच्यासाठींच तें लिहिलें आहे, व त्यांत चार नियम आहेत. ज्या गोष्टी एकमेकींच्या आहेत त्या जवळ ठेवाव्या. सर्व ओळी कोणत्या तरी एका रेषेस धरून असाव्या. एकदां ठरविलेलें रूप सर्वत्र पुन्हां वापरावें. आणि जें निराळें आहे तें स्पष्ट निराळें दिसावें. ह्या नियमांची परीक्षा स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर करतां येते. बहुतेक पत्रिकांत प्रत्येक ओळ निराळ्या रंगांत व निराळ्या अक्षरांत असते, आणि ज्या दोन गोष्टी पाहुण्यास हव्या, म्हणजे वेळ व जागा, त्या प्रमुख पाहुण्यांच्या पदव्यांत हरवून जातात. वेळ व जागा एकत्र आणून मोठ्या अक्षरांत लिहिली कीं पत्रिका एका दमांत सुधारते. ह्यास रंगाचा एक थेंबही लागत नाहीं.

चौथें पुस्तक थोडें जड आहे : जेफ जॉन्सन ह्यांचें ‘डिझायनिंग विथ द माइंड इन माइंड’. हें इ. स. २०१० मध्यें प्रथम निघालें. डोळा काय पाहतो व काय गाळतो, मन एका वेळीं किती गोष्टी धरूं शकतें, ओळखणें सोपें व आठवणें अवघड कां, अशा प्रश्नांचीं उत्तरें त्यांत आहेत. पहिल्या तीन पुस्तकांतील नियमांमागचीं कारणें येथें सांपडतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यानें तें घ्यावें. त्यापूर्वीं घाई करूं नये.

ह्या सर्व पुस्तकांतील उदाहरणें बहुतेक इंग्रजी अक्षरांचीं आहेत. आपल्या देवनागरीचा प्रश्न त्यांत सुटत नाहीं, व तेथेंच मराठी विद्यार्थ्यास स्वतःचें काम करण्यास जागा आहे. इंग्रजीचीं सव्वीस अक्षरें ज्या कळफलकावर मावतात, त्यावर आपले स्वर, व्यंजनें, मात्रा व जोडाक्षरें कशीं बसवावीं? ‘इन्स्क्रिप्ट’ ह्या मांडणींत डाव्या हाताकडे स्वर व मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजनें ठेविलीं आहेत. आणि ‘क’ चें बटण शिफ्टसह दाबलें कीं ‘ख’, ‘ग’ चें दाबलें कीं ‘घ’ उमटतो. म्हणजे पहिलीच्या वर्गांत पाठ केलेली वर्णमालाच बोटांच्या उपयोगी आली. मोबाईलसाठीं मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार झाला. त्यांत व्यंजनाला बोट लाविलें कीं त्याभोंवतीं त्या व्यंजनाच्या बाराखडीचें वर्तुळ उघडतें, व बोट हव्या त्या मात्रेकडे सरकविलें कीं अक्षर तयार होतें. लोकांच्या मनांत जें ज्ञान आधींच आहे त्याच्या आधारानें नवी वस्तु उभी करावी, हा धडा ह्या दोन्ही उदाहरणांत आहे. तसेंच सुलेखनकार, कवि व अध्यापक र. कृ. जोशी (१९३६–२००८) ह्यांचें नांव विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. विंडोज प्रणालींतील ‘मंगल’ ही देवनागरी अक्षरमाला त्यांनीं घडविली, व त्या अक्षरांत मराठीचे किती कागद छापले गेले ह्याची गणती नाहीं.

पांचवें वाचन पुस्तक नसून एक अहवाल आहे. भारत सरकारच्या आमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन रचनाकार दांपत्यानें इ. स. १९५८ मध्यें ‘इंडिया रिपोर्ट’ लिहिला. त्यांतून पुढें १९६१ मध्यें अहमदाबादची राष्ट्रीय रचनासंस्था उभी राहिली. ह्या अहवालांत त्यांनीं सर्वांत अधिक गौरव कशाचा केला असेल, तर आपल्या घरांतील लोट्याचा. त्यांत किती पाणी मावावें. तो हातांत, कमरेवर कीं डोक्यावर न्यावयाचा. भरलेला असतां व रिकामा असतां त्याचा तोल कसा राहावा. तोंड किती रुंद असावें म्हणजे हात घालून घांसतां येईल. धार कशी पडावी. किंमत किती असावी. असे प्रश्न त्यांनीं एकामागून एक मांडले, व दाखविलें कीं, हीं उत्तरें कोणा एका मनुष्यानें शोधलीं नाहींत, अनेक पिढ्यांनीं मिळून शोधलीं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयांत जुनीं मातीचीं भांडीं आहेत. शाळेची सहल तेथें जाईल तेव्हां विद्यार्थ्यांनीं ह्या प्रश्नांची यादी बरोबर न्यावी, आणि एका भांड्यासमोर उभें राहून ती विचारावी.

सहावें पुस्तक व्हिक्टर पपानेक ह्यांचें ‘डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड’; इंग्रजींत तें इ. स. १९७१ मध्यें आलें. श्रीमंतांच्या चैनीच्या वस्तूंवर रचनाकारांची सारी बुद्धि खर्च होते, आणि गरीब, अपंग व वृद्ध ह्यांच्याकडे कोणी पाहत नाहीं, अशी त्याची तक्रार आहे. त्यांत एका रेडिओचें वर्णन आहे. तो टाकून दिलेल्या पत्र्याच्या डब्यांत बसविलेला असून मेणाच्या ज्योतीच्या उष्णतेवर चालतो, आणि मेण संपल्यास वाळलेलें शेणही चालतें. ज्या घरीं वीज नाहीं त्या घरापर्यंत आवाज नेण्याची ही युक्ति होती. लेखकाची भाषा कडक आहे व त्याचें प्रत्येक मत मान्य करावें असें नाहीं, पण तरुण मनास हा कडूपणा हितकारक आहे.

ह्या ठिकाणीं एक इशारा देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. जी विद्या वाट सोपी करते, तीच विद्या सापळाही लावूं शकते. ‘आतां फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई करणें, गिऱ्हाइकाच्या टोपलींत न मागितलेली वस्तु गुपचूप घालणें, वर्गणी घेणें एका बोटाचें काम व बंद करणें दहा पानांचें काम ठेवणें, असले प्रकार जाणूनबुजून आंखले जातात. ह्यांस इंग्रजींत ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं असल्या तेरा प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले. पालकांनीं ती यादी एकदां वाचावी, कारण ते गिऱ्हाईक आहेत. विद्यार्थ्यांनीं ती दोनदां वाचावी, कारण उद्यां तसलें काम करण्यास त्यांनाच कोणी सांगेल. तेव्हां ‘नाहीं’ म्हणण्याची तयारी आजच करावी. विश्रामदिन हा मनुष्यासाठीं आहे, असें प्रभूनें शिकविलें. यंत्रासही तोच न्याय लागूं आहे. मनुष्य यंत्राच्या मालकाचा शिकार व्हावा ह्यासाठीं यंत्र नाहीं.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. वरील पुस्तकें एकदम विकत घेऊं नयेत. पहिलीं दोन चौघां विद्यार्थ्यांनीं मिळून घ्यावींत, आणि प्रत्येक पुस्तकानंतर एक प्रयोग करून त्याची वही ठेवावी. वर्षभरांत जर मुलास ह्या प्रयोगांची गोडी लागली, तर पुढील शिक्षणाचा विचार करावा. न लागली तर थोड्या रुपयांत मोठा खर्च टळला. मुंबईच्या आय. आय. टी.मधील ‘आयडीसी’ हा विभाग इ. स. १९६९ मध्यें सुरू झाला. तेथील व इतर कांहीं संस्थांतील रचनाशास्त्राच्या पदवीसाठीं ‘यूसीड’ नांवाची प्रवेशपरीक्षा असते, व ती विज्ञान, वाणिज्य व कला ह्या सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांस खुली आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय रचनासंस्थेची परीक्षा निराळी असते. केवळ प्रमाणपत्रानें ह्या धंद्यांत काम मिळत नाहीं. काम देणारे विद्यार्थ्यानें केलेल्या कामाचा संग्रह पाहतात : प्रश्न काय होता, कोणास विचारलें, काय चुकलें, काय बदललें. वर सांगितलेली वही ही त्या संग्रहाचें पहिलें पान होय. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनीं सुबक पानें क्षणांत काढून मिळतात हें खरें. पण उमरग्याच्या अगर लोहाऱ्याच्या एखाद्या आजीबाईंचें बोट कोठें थांबलें, हें त्यांच्याजवळ बसल्याशिवाय कळत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत ह्यांपैकीं एक तरी पुस्तक मिळवा, व तें संपेपर्यंत वाट न पाहतां पहिल्या आठवड्यांतच एक प्रयोग करा. घरांत ज्या वस्तूस कोणी हात लावण्यास कचरतें ती वस्तु निवडा. कचरणाऱ्याजवळ बसा, आणि त्यास शिकविण्याआधीं त्याजकडून शिका. तो कोठें व कां अडला हें तुम्हांस एका वाक्यांत लिहितां आलें, तर ह्या विद्येचा पहिला धडा तुम्हांस समजला. आणि तें वाक्य वाचून घरांतील त्या मनुष्याची भीति थोडी कमी झाली, तर तो धडा कारणीं लागला.